वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर वाट : अण्णा नगर ते मदुरवायल

चेन्नई शहराच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही आखीव रस्त्यांची आणि दुतर्फा झाडांची वसाहत आहे. १९६८ साली येथे भरलेल्या जागतिक व्यापार प्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेला मनोरा आजही या परिसराची खूण मानला जातो. अण्णा नगरातून पश्चिमेकडे निघावे, कोयंबेडूची भाजी, फळे आणि फुले यांची विशाल घाऊक बाजारपेठ मागे टाकावी, की थोड्याच अंतरावर मदुरवायल लागते. आज तेथे इमारतींची दाटी आहे. परंतु काही दशकांपूर्वी मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्राची क्षेत्र-प्रयोगशाळा येथे होती. १९७० च्या नोव्हेंबरात, वयाच्या ७३ व्या वर्षी, डॉ. ई. के. जानकी अम्माळ या मानद शास्त्रज्ञ म्हणून येथे दाखल झाल्या आणि ७ फेब्रुवारी १९८४ रोजी निधन होईपर्यंत तेथेच राहून औषधी वनस्पतींवर काम करीत राहिल्या.

निवृत्तीनंतरही ज्या विषयाने एखाद्याला तेरा वर्षांहून अधिक काळ कार्यमग्न ठेवले, तो विषय आपल्याकडे मात्र अनेकदा 'वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही म्हणून' घेतला जातो. बी.एस्सी. झाल्यावर मुलगा किंवा मुलगी वनस्पतिशास्त्रात पुढे शिकण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हा घरात पहिला प्रश्न उमटतो तो 'पुढे काय?' हा. हा प्रश्न अनाठायी नाही. एम.एस्सी. आणि पीएच.डी. मिळून तारुण्यातील सहा-सात वर्षे आणि कुटुंबाची मोठी रक्कम यात गुंतते. ही वाट नेमकी कशी आहे, तिच्यावर कोणते थांबे आहेत आणि खर्चाची तरतूद कशी करता येते, हे निर्णयापूर्वी समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एका विद्यार्थिनीचा प्रवास

जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तलश्शेरी येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात उपन्यायाधीश होते. मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी १९२१ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी मिळविली आणि त्या विमेन्स ख्रिश्चन महाविद्यालयात शिकवू लागल्या. मुलीने विवाह करून स्थिरस्थावर व्हावे, अशीच त्या काळाची अपेक्षा होती. त्यांनी निवड केली ती शिक्षणाची. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९२५ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३१ मध्ये डी.एस्सी. ही सर्वोच्च पदवी त्यांनी संपादन केली.

या प्रवासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या बुद्धीला वाव मिळाला तो शिष्यवृत्तीमुळे. शंभर वर्षांपूर्वी जे खरे होते, ते आजही बव्हंशी खरे आहे. वनस्पतिशास्त्राच्या संशोधनाचा मार्ग चालण्यासाठी गुणांइतकेच महत्त्व अर्थसाहाय्याच्या योग्य नियोजनाला आहे.

ऊस, गुणसूत्रे आणि शेतकऱ्याचे कर्ज

या अभ्यासातून समाजाच्या हाती काय लागते, याचे उत्तर महाराष्ट्रातील वाचकाला उसाच्या फडात सापडेल. १९१२ मध्ये कोइम्बतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथील हवामानात उसाला चांगला तुरा येतो आणि त्यात रुजणारे बीही धरते. म्हणून दोन जातींचा संकर करण्यास ते ठिकाण अनुकूल ठरले. जाड, गोड परंतु नाजूक असा लागवडीखालील ऊस आणि काटक रानटी ऊस यांच्या संकरातून रोगांना व प्रतिकूल हवामानाला तोंड देणारे वाण निर्माण झाले. या वाणांच्या नावापुढील 'को' हे अक्षर कोइम्बतूरचे द्योतक आहे. महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर लावला जाणारा 'को ८६०३२' हा वाण याच परंपरेतील होय.

जानकी अम्माळ १९३४ मध्ये या केंद्रात आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या. रानटी उसाच्या निरनिराळ्या प्रकारांतील गुणसूत्रांची संख्या त्यांनी अभ्यासली; मका, ज्वारी यांसारख्या दूरच्या नातलगांशी उसाचा संकर घडवून त्याचेही परीक्षण केले. गुणसूत्रे मोजण्याची कृती सांगण्यास सोपी, करण्यास कष्टाची आहे. मुळाच्या कोवळ्या टोकातील पेशी सतत विभागत असतात. हे टोक ठरावीक वेळी कापून रसायनात स्थिर करावयाचे, रंगद्रव्याने रंगवावयाचे, काचपट्टीवर हलकेच दाबून पसरावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुणसूत्र मोजावयाचे. उसात ही संख्या ८० किंवा त्याहूनही अधिक असते. शेकडो काचपट्ट्यांतून दोन-चारच स्पष्ट निघतात. परंतु या मोजणीवरून कोणत्या दोन वनस्पतींचा संकर यशस्वी होण्याची शक्यता आहे आणि संततीत कोणाचा किती वाटा आला, याचा अंदाज बांधता येतो.

कोल्हापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादी बँकशाखा उसासाठी पीककर्ज मंजूर करते, तेव्हा त्या पिकाच्या भरवशामागे जमीन, पाणी आणि शेतकऱ्याचे श्रम असतात. तसेच प्रयोगशाळेत वाकून बसलेल्या अशा कित्येक संशोधकांची वर्षेही असतात.

१९४० नंतर जानकी अम्माळ यांनी इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेत आणि पुढे विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उद्यानात काम केले. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या मायदेशी परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला.

नावात काय असते?

महाराष्ट्रातून चेन्नईस शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो मंडईत. आपला शेवगा येथे 'मुरुंगै' होतो, कडुनिंब 'वेंबू', वेखंड 'वसंबू' आणि आघाडा 'नायुरुवी'. शेवग्याच्या 'मोरिंगा ओलिफेरा' या शास्त्रीय नावातील 'मोरिंगा' हा शब्द याच तमिळ नावावरून आलेला आहे. बोलीभाषेतील नावे प्रांतोप्रांती बदलतात, ही झाली गंमत. परंतु हाच प्रश्न औषधांच्या बाबतीत गंभीर होतो. 'ब्राह्मी' या नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक 'बॅकोपा मोनिएरी' आणि दुसरी 'सेंटेला एशियाटिका', जिला तमिळमध्ये 'वल्लारै' म्हणतात. दोहोंतील रासायनिक द्रव्ये निराळी आहेत. कारखान्यात आलेल्या पोत्यातील वाळलेला पाला नेमका कशाचा, हे ठरविण्यासाठी पानाचा सूक्ष्म छेद, त्यावरील केसांची ठेवण आणि रासायनिक पृथक्करण तपासावे लागते. हे काम वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणातून तयार झालेली व्यक्ती करू शकते.

अण्णा नगराला लागून असलेल्या अरुंबाक्कम येथील सिद्ध केंद्रीय संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींची अशी ओळख आणि परीक्षा यांचे काम चालते. तमिळ देशातील या परंपरेशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. तंजावरचे मराठी राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) यांनी 'धन्वंतरी महाल' स्थापन करून वनौषधींची निर्मिती आणि अभ्यास यांस आश्रय दिला होता. तेथील अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यात ग्रथित करण्यात आले.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप

एम.एस्सी. हा साधारणतः दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या एम.एस्सी.ची तरतूदही झाली आहे. शैवाले, कवके, नेचे, अनावृत्तबीजी व आवृत्तबीजी वनस्पती यांच्या अभ्यासापासून सुरुवात होते. त्याच्या जोडीला वर्गीकरणशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, परिस्थितिकी, पेशीविज्ञान, आनुवंशशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय असतात. क्षेत्रभेटीत जमविलेल्या वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर शिवून किंवा चिकटवून त्यांचा संग्रह करावा लागतो. कोणत्या दिवशी, कोठे, कोणत्या अधिवासात हा नमुना मिळाला याची नोंद नसेल, तर कितीही सुंदर नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. अखेरच्या सत्रात लघुप्रबंध असतो. संशोधनाचा पिंड आपला आहे की नाही, याची खरी कसोटी तेथेच लागते.

चेन्नईमध्ये या विषयाची परंपरा समृद्ध आहे. १८५७ मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांच्याबरोबरच स्थापन झालेल्या मद्रास विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रातील प्रगत अध्ययन केंद्र गिंडी परिसरात आहे. अण्णा नगर टॉवर स्थानकावरून मेट्रोने आलंदूरला जाऊन गाडी बदलली, की पुढचेच स्थानक गिंडी. भारतीय शैवालशास्त्राचे जनक मानले जाणारे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेची धुरा वाहिली. १९३२ मध्ये त्यांनी 'फ्रिट्शिएला' या जमिनीवर वाढणाऱ्या शैवालाचे वर्णन केले. पाण्यातील वनस्पती जमिनीवर कशा आल्या असाव्यात, या चर्चेत त्या शोधाला मोठे स्थान आहे. त्यांच्यानंतर टी. एस. सदाशिवन यांनी वनस्पतिरोगशास्त्राची मोठी शाखा येथे उभी केली. तरमणी येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात खारफुटीसारख्या क्षारसहिष्णू वनस्पतींवर संशोधन झाले आहे.

मराठी विद्यार्थ्यासाठी घराजवळही उत्तम पर्याय आहेत. मालवणात जन्मलेल्या प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी कलकत्ता विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनानंतर १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी केली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. 'एमएसीएस' ही आद्याक्षरे मिरविणारे गहू आणि सोयाबीनचे वाण याच संस्थेचे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्रही पुण्यात आहे.

पीएच.डी. : वर्षे, परीक्षा आणि विद्यावेतन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे. महिला विद्यार्थ्यांना या कालावधीत अधिक सवलत असून प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. प्रारंभी काही श्रेयांकांचे अध्ययन, नंतर संशोधन आराखडा, वेळोवेळी सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन आणि शेवटी प्रबंध व मौखिक परीक्षा असा हा क्रम असतो.

प्रवेश आणि अर्थसाहाय्य या दोहोंची किल्ली म्हणजे राष्ट्रीय पातळीवरील 'नेट' परीक्षा. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ती जीवशास्त्र विषयात देतात. २०० गुणांच्या या परीक्षेत तीन विभाग असून सर्वांत कठीण अशा तिसऱ्या विभागालाच १०० गुण आहेत. पाठांतरापेक्षा प्रयोगाचा अर्थ लावण्याची क्षमता तेथे पाहिली जाते. यशस्वी उमेदवारांच्या तीन श्रेणी होतात : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह पात्र, साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पात्र आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. पहिल्या श्रेणीतील संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा. 'गेट' परीक्षेतही जीवविज्ञान गटात वनस्पतिशास्त्राचा ऐच्छिक विभाग आहे.

पहिल्या श्रेणीत मोजकेच उमेदवार येतात, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अधिछात्रवृत्तीवाचून पीएच.डी. सुरू करणे म्हणजे अनेक वर्षे अनिश्चित उत्पन्नावर काढणे होय. शिवाय विद्यावेतनाची रक्कम कागदपत्रांच्या प्रवासात काही महिने उशिरा हाती पडण्याचा संभव असतो. किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बचत खात्यात राखून मगच या मार्गावर पाऊल टाकणे शहाणपणाचे ठरते.

खर्चाचा हिशेब

समजा, बदलीमुळे पुण्याहून अण्णा नगरात आलेले एक नोकरदार कुटुंब आहे. मुलगी बी.एस्सी. झाली असून तिला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे आहे. दरम्यान वडिलांची पुन्हा बदली होण्याची शक्यता असल्याने तिला वसतिगृहात राहावे लागेल. शासकीय विद्यापीठात शुल्क तुलनेने कमी असते. खरा भार निवास, भोजन, प्रवास आणि क्षेत्रकार्य यांचा असतो. या सर्वांसाठी दोन वर्षांत ३ लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज घ्यावे असे ठरले.

आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास कर्जदाराला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि तारणही द्यावे लागत नाही. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. आता व्याजाचा दर केवळ उदाहरणादाखल १० टक्के धरू. दोन्ही वर्षांच्या आरंभी दीड-दीड लाख रुपये उचलले, तर सवलतीच्या मुदतीअखेर पहिल्या उचलीवर तीन वर्षांचे ४५,००० आणि दुसरीवर दोन वर्षांचे ३०,००० असे ७५,००० रुपये सरळव्याज होते. ते न भरल्यास परतफेड ३,७५,००० रुपयांवर सुरू होईल आणि सात वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ६,२२५ रुपये पडेल. पालकांनी शिक्षण चालू असतानाच व्याज भरत नेले, तर मुद्दल ३ लाखच राहील आणि हप्ता सुमारे ४,९८० रुपये होईल. ७५,००० रुपये वेळेवर भरल्याने पुढे सुमारे १,०४,५०० रुपयांची बचत होते. म्हणजे निव्वळ लाभ २९,५०० रुपयांच्या आसपास.

हप्त्याचा आकडा आणि अधिछात्रवृत्तीचा आकडा शेजारी ठेवल्यास चित्र स्पष्ट होते. अधिछात्रवृत्ती मिळाली, तर मुलगी स्वतःच्या बळावर हप्ता फेडू शकेल. ती न मिळाल्यास हा भार कोण उचलणार, हे कर्ज घेण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. एम.एस्सी.नंतर लगेच पुढील शिक्षणास प्रवेश घेतल्यास त्याची लेखी सूचना शाखेला वेळीच द्यावी. हप्ता थकल्यानंतर केलेल्या विनंतीपेक्षा आधी केलेली विचारणा नेहमीच उपयुक्त ठरते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांविना कर्जाची सोय आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या मुदतीत ३ टक्के व्याजसाहाय्य देण्याची तरतूद तीत आहे. आपली संस्था यादीत आहे काय, याची खात्री प्रवेशापूर्वी करावी. जुन्या करपद्धतीचा पर्याय निवडणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही.

पुढे काय?

अध्यापन आणि संशोधन हे या विषयाचे प्रमुख मार्ग आहेत. त्यांखेरीज बियाणे कंपन्या, ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा, वनौषधी उद्योगातील गुणवत्ता-नियंत्रण, पर्यावरण-आघात मूल्यमापन आणि वनस्पती सर्वेक्षण येथेही संधी आहेत. भारतीय वन सेवेच्या परीक्षेस वनस्पतिशास्त्राचे पदवीधर पात्र असतात. मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बँकांतील कृषी क्षेत्र अधिकारी या पदासाठी कृषी किंवा संलग्न विषयांतील चार वर्षांची पदवी लागते, वनस्पतिशास्त्रातील एम.एस्सी. तिची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे उद्दिष्ट ते पद आहे, त्याने बारावीनंतरच कृषी शाखेचा विचार करावा.

मार्गदर्शकाची निवड करताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षांत पदवी मिळाली आणि ते आज कोठे आहेत, हे विचारण्यात संकोच करू नये. कर्ज देताना बँक जशी पूर्वीच्या व्यवहारांची चौकशी करते, तशीच ही चौकशी. फरक इतकाच, की येथे भांडवल म्हणून वयाची पाच-सहा वर्षे पणाला लागलेली असतात.

उदाहरणातील त्या कुटुंबाने काय ठरवावे, हे बाहेरच्या कोणी सांगण्याचे कारण नाही. परंतु एक चाचणी सहज घेता येण्यासारखी आहे. मुलीला एखाद्या सकाळी कोयंबेडूच्या बाजारात न्यावे. गड्ड्यांचे, फुलांचे, पाल्यांचे ढीग पाहून ती कंटाळते की प्रत्येक जुडीपाशी थबकून कूळ आणि जात विचारू लागते, हे पाहावे. तिला तेथून बाहेर काढणे अवघड झाले, तर वडिलांनी शाखेतून शैक्षणिक कर्जाचा अर्ज आणावयास हरकत नाही.